दोन्ही संघ पाहुणे

व्हर्ला हॉस्टेटरने चौदा वर्षांपूर्वी एक फोन आपटला होता, आणि त्याचा आवाज इंडियानातल्या दोन गावांत अजून ऐकू येत होता.

व्हर्ला टिमन्स युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल संघाचं वेळापत्रक लावायची. अडतीस मैलांवर सेंट बर्टिल कॉलेज. तिथलं वेळापत्रक डॉयल उटरबॅक लावायचा. दोन्ही संघ मधल्या फळीतले. मोठी विद्यापीठं त्यांना बोलवायची ती हरवायला, आणि टीव्हीवाले दाखवायचे ते दुसरं काही नसलं तर. पण हे दोघे एकमेकांशी भिडले की दोन्ही गावांत त्या दिवशी लग्नसुद्धा कुणी काढत नसे. एक वर्ष तुमच्याकडे, एक वर्ष आमच्याकडे, असं एकसष्ट वर्षं चाललं. मग एका फेब्रुवारीत टिमन्सच्या पाळीचा सामना बर्फाने बुडाला. पुढच्या वर्षी पाळी कुणाची? व्हर्ला म्हणाली आमची, कारण आमची बुडाली. डॉयल म्हणाला आमची, कारण वर्ष आमचं. फोन आपटला गेला आणि सामना बंद पडला.

तेव्हापासून केस कापायला बसली तरी न्हावीण विचारायची, "मग, यंदा तरी?" चर्चमध्ये म्हातारे तिच्याकडे असे बघायचे जणू तिनेच बर्फ पाडला. ती वरवर नाक मुरडायची, पण आतून तिला फार लागायचं. येत्या एप्रिलमध्ये ती निवृत्त होणार होती. जाण्याआधी तो सामना परत लावून जायचा, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. निरोपाचा केकही नको, घड्याळही नको.

आणि फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी आभाळानेच मनावर घेतलं. शनिवारी टिमन्सशी खेळायला येणारा संघ उत्तरेत विमानतळावर अडकला. त्याच दुपारी कळलं की सेंट बर्टिल ज्यांच्याकडे जाणार होतं त्यांच्या जिमचा पाइप फुटून कोर्टावर घोटाभर पाणी साचलंय. दोन रिकामे शनिवार, अडतीस मैलांवर. व्हर्लाने फोनकडे पाहिलं. फोन वाजला.

"तुझा शनिवार रिकामा आहे म्हणे," डॉयल म्हणाला. चौदा वर्षांत ना नमस्कार ना चमत्कार, आणि सुरुवात ही.

"तुझ्या कोर्टावर मासे पोहतायत म्हणे."

"आमच्या नाही, त्यांच्या. खेळायचं का?"

व्हर्लाने फोन दुसऱ्या कानाला लावला. "खेळू. पण एक अट. जागेबद्दल तोंडाने एक अक्षर काढायचं नाही. मागच्या वेळी तिथूनच बिनसलं."

"मान्य. जे काय ते कागदावर. वेळ दोन वाजता."

"दोन. कागद पाठवते."

"मीही पाठवतो."

आता मेख अशी, की चौदा वर्षांत जग उलटं फिरलं होतं. मार्चच्या मोठ्या स्पर्धेत कुणाला घ्यायचं ते एक समिती ठरवते, आणि तिच्या लेखी घरच्या कोर्टावर जिंकण्यापेक्षा परक्याच्या कोर्टावर जिंकण्याला जास्त वजन. यंदा टिमन्सने एकवीस सामने जिंकले होते, सेंट बर्टिलने वीस. दोघांनाही बाहेरचा एक चांगला विजय हवा होता. चौदा वर्षांपूर्वी 'आमच्याकडे' म्हणून भांडलेली माणसं आता मनातून 'तुमच्याकडे' म्हणत होती, आणि दुसऱ्याला ते कळू नये म्हणून जपत होती.

व्हर्लाने करारात 'पाहुणा संघ: टिमन्स' असं लिहिलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन पाठवून दिलं. दहा मिनिटांनी डॉयलचा कागद आला. करार तोच छापील, खाली त्याची सही. आपलाच कागद सही होऊन परत आला असं समजून तिने घाईघाईने खाली सही ठोकली आणि पाठवला. टिमन्सचा कोच ओगल्सबी शेजारी उभा राहून टाळ्या पिटत होता, मग वाचतंय कोण! तिकडे डॉयलनेही अगदी हेच केलं. त्याने तिच्या कागदावर सही केली, तिने त्याच्या. दोघांनाही वाटलं, आपण दुसऱ्याला गुंडाळलं.

शनिवारी टिमन्सची निळी बस निघाली ती वरातीसारखी. मागे शेसव्वाशे गाड्या. चौदा वर्षांनी सामना म्हटल्यावर गावातले दातांचे डॉक्टरसुद्धा दवाखाना बंद करून निघाले. व्हर्ला पुढच्या सीटवर होती, डोक्यावर चौदा वर्षांपूर्वीची लोकरी टोपी.

अर्ध्या वाटेवर हॅनीबर्ग ओलांडलं आणि समोरून एक लालभडक बस आली. तिच्यामागेही गाड्यांची रांग. कुणी काचेबाहेर झेंडा काढलेला, कुणी भोंगा वाजवतंय.

"मिस व्हर्ला, हे सेंट बर्टिलवाले ना? हे कुठे निघाले?" बोगदानने विचारलं. बोगदान सर्बियाहून आलेला मधला खेळाडू, सात फुटाला इंचभर कमी. त्याला बसमध्ये मान सरळ ठेवता यायची नाही.

"पळून चाललेत," व्हर्ला म्हणाली, आणि अख्खी बस हसली. समोरची बसही हसत होती. तिथेही कुणीतरी हेच म्हणालं असणार.

सेंट बर्टिलच्या दारात बस थांबली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. व्हर्लाने जिमचं दार ढकललं आणि तिथेच थिजली. अख्ख्या कोर्टावर गोधड्या पसरलेल्या. शेदीडशे गोधड्या, आणि त्यांच्यामधून हात मागे बांधून फिरणाऱ्या बायका. बास्केटच्या कडीलाही एक लटकवली होती.

"बूट काढा!" एक बाई ओरडली. "प्रदर्शन पाच वाजेपर्यंत आहे. आज सामना बाहेर आहे म्हणून हॉल मिळालाय."

व्हर्लाचा फोन वाजला.

"व्हर्ला," डॉयलचा आवाज एकदम गोड, "तू कुठे आहेस गं?"

"तुझ्या दारात."

"मी तुझ्या. तुझ्या कोर्टाला आज सकाळी व्हार्निश मारलंय. एक माणूस मला आत पाऊल टाकू देत नाही. म्हणतो, आज सामना बाहेर आहे."

व्हर्लाने पिशवीतून करार काढला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा वाचला. पाहुणा संघ: सेंट बर्टिल. खाली तिची झोकदार सही.

"डॉयल, तू वाचलं नाहीस?"

"तू वाचलंस?"

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग असं की गोधड्यांच्या बायका वळून बघायला लागल्या. पलीकडे डॉयलही खोकल्यासारखा हसत होता. पण मग हसू ओसरलं. इतकं जवळ येऊन हा सामना पुन्हा तिच्याच हातून बुडणार होता. न्हावीण आता काय म्हणेल ते तिला शब्दासकट ऐकू आलं.

"हॅनीबर्ग," ती म्हणाली. "बरोब्बर मध्ये आहे. हायस्कूलचं जिम."

हॅनीबर्गची वस्ती दोन हजार आणि त्याच्या हायस्कूलच्या जिममध्ये जागा पाच हजार. तिकडे गावं जिमवरूनच मोजतात. जिमच्या किल्ल्या ओपल स्ट्रंककडे. ओपल बहात्तर वर्षांची, फोनवर निम्मं ऐकूनच म्हणाली, "येताय तर या. पण माझ्या गावाला फुकट बसू द्यायचं, आणि आमच्या पोरांचा बँड वाजणार. आणि कोर्टावर कुणी थुंकलं तर मी सामना थांबवीन."

दोन्ही वराती उलट फिरल्या. साडेतीनला निळ्या आणि लाल गाड्या एकाच मैदानात घुसल्या, आणि पाच मिनिटांत कोण कुणाच्या मागे लागलंय हेच कळेना. पंच आणणं यजमानाचं काम, आणि यजमान तर कुणीच नव्हतं. पण बुडालेल्या सामन्यामुळे घरी बसलेले तीन पंच डॉयलला फोनवर सापडले. एक तर लेकीच्या साखरपुड्यातून शिट्टी घेऊन पळत आला.

सगळं जमलं. आणि मग कपडे बदलायच्या खोलीतून कोच ओगल्सबी बाहेर आला, चेहरा पडलेला.

"व्हर्लाबाई, पांढरे कपडे कुणाकडेच नाहीत."

रीतच तशी. घरचा संघ पांढऱ्यात, पाहुणा गडद रंगात. दोन्ही पाहुण्यांनी गडद आणलेले. टिमन्सचे काळपट निळे, सेंट बर्टिलचे काळपट तांबडे. मोठ्या पंचाने दोन्ही कपडे दिव्याखाली धरले आणि मान हलवली. "एकाला पांढरं घालावं लागेल. नाहीतर मी शिट्टी वाजवणार नाही."

ओपलकडे हायस्कूलच्या पोरांचे पांढरे कपडे होते. धुतलेले, घडी घातलेले, छातीवर शाळेच्या चिन्हाचा हंस काढलेला. प्रश्न एवढाच, घालणार कोण? कारण जो पांढरं घालील तोच कागदावर यजमान.

सेंट बर्टिलच्या कोचने हाताची घडी घातली. "आम्ही पाहुणे. करारात लिहिलंय."

"आमच्याही लिहिलंय," ओगल्सबी म्हणाला. "वर्षभराची मेहनत आहे. मी ते वजन हंसाच्या बनियनवर घालवणार नाही. त्यापेक्षा बस वळवतो."

"मग आम्हीही वळवतो."

बाहेर अडीच हजार माणसं पाय आपटत होती. हायस्कूलचा बँड एकच धून पाचव्यांदा वाजवत होता, कारण त्यांना येत तेवढीच होती. व्हर्लाने डॉयलकडे पाहिलं. तो किती म्हातारा झाला होता! कानांवर केस आलेले, कोटाचं एक बटण तुटलेलं. तोही तिच्याकडेच बघत होता. चौदा वर्षांपूर्वी दोघांतल्या एकानेही 'बरं, यंदा तुझं' म्हटलं असतं, तर एवढंच पुरलं असतं. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"पांढरे इकडे दे, ओपल," ती म्हणाली.

"व्हर्लाबाई!" ओगल्सबी ओरडला.

"कोच, तुझ्याआधी मी तीन कोच पाहिले. सगळे वजन मोजत आले आणि मोजतच गेले. बाहेर जाऊन एकाला तरी विचार की त्याला वजन बघायचंय का. मला फोन आपटणारी बाई म्हणून निवृत्त व्हायचं नाही. पांढरे आम्ही घालतो."

ओगल्सबीने तोंड उघडलं, पण तेवढ्यात बोगदानने सगळ्यात मोठा बनियन उचलून डोक्यात घातलासुद्धा. तो बेंबीच्या वर थांबला. हंस छातीवर ताणून चांगला शहामृग झाला. खोलीत हशाचा स्फोट झाला. पोरं जमिनीवर लोळायला लागली. सेंट बर्टिलचा कोच भिंतीकडे तोंड करून थरथरत होता. ओगल्सबीने शेवटी हात टेकले. "आत टी-शर्ट घाला रे," तो म्हणाला, आणि त्यालाही हसू आवरेना.

त्या सामन्याबद्दल काय सांगावं! पहिली बास्केट बोगदानची. हात वर गेला तसा बनियन काखेपर्यंत चढला आणि पाच हजारांच्या जिममध्ये हंसाच्या नावाने क्वॅक क्वॅक सुरू झालं, ते शेवटपर्यंत थांबलं नाही. हॅनीबर्गच्या लोकांनी, कपडे आपले म्हणून, टिमन्सला दत्तकच घेतलं. वेळ संपली तेव्हा बरोबरी. पाच मिनिटं वाढवली, पुन्हा बरोबरी. गोधड्यांच्या बायका प्रदर्शन आटपून आल्या आणि एकीने व्हर्लाच्या पायांवर गोधडी टाकली. दुसऱ्या वाढीव वेळेत, घड्याळात एक सेकंद असताना, सेंट बर्टिलच्या बुटक्या पोराने मधल्या रेषेवरून चेंडू भिरकावला आणि तो कडीला न शिवता आत गेला.

टिमन्स एका गुणाने हरलं. व्हर्ला उभी राहून टाळ्या वाजवत होती, हे तिला बऱ्याच वेळाने कळलं. गाल ओले होते, तेही.

ओगल्सबी घामाघूम होऊन तिच्यापाशी आला. घरच्या कोर्टावरची हार, तीही परक्या गावात. ती शिव्या खायला तयार झाली.

"पुढच्या वर्षी कधी?" त्याने विचारलं.

मागून डॉयल आला. हातात मक्याच्या लाह्यांची रिकामी पिशवी, तिच्यावर पेनाने काहीतरी लिहिलेलं. त्याने ती तिच्यासमोर धरली, मग पुन्हा मागे घेतली.

"आधी वाच. मोठ्याने. या वेळी मी ऐकल्याशिवाय सही घेणार नाही."

व्हर्लाने चष्मा लावला. "सामना दर वर्षी, याच शनिवारी, याच जिममध्ये. चौदा वर्षं. बुडाले तेवढे." पुढची ओळ तिने आधी मनात वाचली. "यजमान: ओपल स्ट्रंक."

"आणि थुंकायचं नाही, तेही लिही," ओपल झाडू घेऊन जाता जाता म्हणाली.

"डॉयल, मी एप्रिलमध्ये जाते आहे रे," व्हर्ला म्हणाली. "पुढच्या वर्षी मी नाही."

"मग प्रेक्षक म्हणून ये. माझ्या शेजारची खुर्ची मी धरून ठेवतो." त्याने पेन तिच्या हातात दिलं. "फक्त घरून निघायच्या आधी फोन कर. नाहीतर मी तुला आणायला तुझ्या दारात, आणि तू माझ्या."