किटच्या अंगावरचे दगड

"ज्या मातीला उद्या भाव येऊ शकतो, त्या मातीत लेकरू ठेवू नये, पोरी," नॅन्किव्हेल आजी म्हणाली होती. "रेल्वेच्या गावाला चर्चमागं जागा आहे. लांब पडेल. पण तिथं कुणी कुदळ घेऊन यायचं नाही."

लव्हडेनं ते या कानानं ऐकलं आणि त्या कानानं सोडून दिलं. तिच्या लहानग्या किटला जाऊन एक दिवसही मावळला नव्हता. टायफॉईडनं तापलेलं ते अंग अजून तिच्या तळव्यांना लागत होतं, आणि ही म्हातारी मातीचे भाव सांगत होती. लव्हडे मेलबर्नला कॉलेजात शिकलेली, लग्नाआधी मास्तरीण होती. खाणीवरच्या बायकांच्या समजुती तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या. शिट्टी वाजवू नये, शुक्रवारी नवा शाफ्ट, म्हणजे खाणीची विहीर, उघडू नये, त्यातलीच ही एक. तिला एवढंच कळत होतं की किट तिला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायला हवा. जिवंत असताना तिनं त्याला डोळ्यांआड होऊ दिलं नव्हतं. आता कशी देणार?

म्हणून घरामागच्या उंचवट्यावर, एकुलत्या सामन गमच्या झाडाखाली तिच्या नवऱ्यानं, सायलसनं, खड्डा खणला. एकट्यानं. हॅरोज फाइंड या वाळवंटातल्या सोन्याच्या खाणगावातली रीत अशी की बापानं पोराचा खड्डा खणायचा नाही, सोबतचे खाणकामगार खणतात. तशी माणसं आलीही होती पहारी घेऊन. सायलसनं त्यांना काठाशीसुद्धा येऊ दिलं नाही. "माझं मी बघतो," एवढंच म्हणाला. ती माणसं टोप्या काढून लांब उभी राहिली. दुःखानं माणूस असा होतो, असं सगळ्यांनी धरलं. लव्हडेनंही.

किटचा लोखंडी पाळणा खड्ड्यावर उभा केला, कुंपण म्हणून. तिकडं लहान पोरांच्या थडग्यांना तेच कुंपण असतं. आणि खड्ड्यातून निघालेले पांढरे गारगोटीचे दगड लव्हडेनं स्वतः वेचून, पुसून, त्या मातीच्या ढिगाभोवती आणि ढिगावर मांडले. लाल मातीवर ते दुरून बगळ्यांच्या थव्यासारखे दिसत. किटला पांढरे दगड आवडायचे. बापाचं बघून तोही दगड उचलून चाटायचा. तिकडं सगळेच चाटतात. धुळीनं माखलेला दगड कोरडा असताना काही सांगत नाही, ओला झाला की त्यात सोनं असेल तर ते चमकतं. पाणी विकत घ्यावं लागतं, जीभ फुकट असते. किट दगड तोंडाशी नेई, लव्हडे तो ओढून काढी, आणि सायलस हसत म्हणे, "राहू दे गं, धंदा शिकतोय." ताप आला तेव्हा तिला पहिल्यांदा ते दगडच आठवले होते.

त्यानंतर गाव आजारी माणसासारखं हळूहळू खंगत गेलं. खाणीतली सोन्याची शीर बारीक होत होत एक दिवस संपली. मॅनेजर म्हणाला, जवळपास कुठं नवी शीर सापडली तर खाण चालेल, नाहीतर कुलूप. पुरुषमंडळींनी डोंगर पालथे घातले, जुने खड्डे उकरले, चर्चच्या पायरीखालीसुद्धा कुणीतरी पहार घालून पाहिली. सायलसही रोज जाई, रिकाम्या हातांनी परत येई आणि खिडकीपाशी बसून राही. मग शाळा बंद झाली. हॉटेलनं दारं लावली. लोकांनी घरांचे पत्रे उचकटले, गाड्यांवर रचले आणि दुसऱ्या खाणीवर जाऊन तेच घर पुन्हा उभं केलं. जिथं घर होतं तिथं फक्त चूल आणि धुराडं उरे. पुढच्या खिडकीतून धुराडी मोजायला नकोत म्हणून लव्हडे पडदा ओढून घेई.

याच दिवसांत टॅम्सिन झाली. पाळणा उंचवट्यावर होता, म्हणून ती सुरुंगाच्या दारूच्या रिकाम्या खोक्यात झोपायची. लव्हडे रात्रीतून उठून तिच्या नाकाशी बोट धरून बघे. एक गेलेलं ज्या बाईनं पाहिलं तिला दुसऱ्याचा श्वासही खरा वाटत नाही.

सायलसला बोल्डरच्या मोठ्या खाणीत काम मिळालं, आणि निघायचा दिवस आला. फिन मॅकगार गाडी घेऊन सकाळीच दाराशी आला. मोकळ्या तोंडाचा, दाढीवाला आयरिश माणूस. गावंच्या गावं त्यानं आपल्या घोड्यांवर ओढून नेली होती.

"वहिनी, लवकर करा. आता या गावात राहिल्यात काय, माश्या. म्हणाल तर त्यांनाही मागं बसवतो."

"त्या तुझ्या दाढीत बसूनच येतील," लव्हडे म्हणाली, आणि टॅम्सिनला कडेवर घेऊन उंचवट्याकडं निघाली. "एवढं किटला सांगून येते."

ती पाळण्याच्या गजांना टेकून बसली. काय सांगायचं ते तिनं रात्रभर ठरवलं होतं, पण आता त्यातलं काही आठवेना. तिनं टॅम्सिनला मांडीवरून खाली मातीत ठेवलं आणि झाडाच्या सालीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्या वेळात पोरीनं दात येत होते म्हणून एक पांढरा दगड उचलून तोंडात घातला.

लव्हडेनं बोट घालून दगड ओढून काढला. "थू कर. थू." टॅम्सिन रडायला लागली. दगड लाळेनं चिंब झाला होता. लव्हडे तो फेकणार तोच तिचा हात जागीच थांबला.

दगडाच्या पोटातून पिवळी रेघ गेली होती. साधीसुधी नाही, करंगळीच्या नखाएवढी रुंद.

हे सोनंच, यात खाणकामगाराच्या बायकोला शंका नसते. तिनं दुसरा उचलला आणि स्वतःच्या जिभेला लावला. त्यात काही नव्हतं. तिसऱ्यात बारीक ठिपके होते, मोहरीसारखे.

मागं पावलं वाजली. सायलस होता. त्यानं तिच्या हातातला ओला दगड पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जरासुद्धा नवल उमटलं नाही. त्यावरूनच तिला सगळं कळलं.

"कधीपासून?"

"खणत होतो तेव्हाच. खड्ड्याच्या भिंतीत शीर होती. खालपर्यंत गेलीय." तो गजांना धरून तिच्याशेजारी उकिडवा बसला. "तू हेच दगड वेचशील असं वाटलं नव्हतं मला. तू पाणी आणायला जायचीस तेव्हा येऊन चाटून बघायचो. ज्यात दिसलं ते बदलले. सगळे नाही झाले."

"आणि बाहेर रोज शोधायला जात होतास ते?"

"लोकांना दिसावं म्हणून."

लव्हडेला गावातली सगळी घरं एकेक करून आठवायला लागली. शाळेतली पोरं, त्यांच्या पाटीवरचे वळणदार ए आणि बी. आपला नवा पत्रा उचकटताना रडणारी शेजारीण. हे सगळं गाव या पाळण्याखाली शाबूत होतं, आणि हा माणूस रोज संध्याकाळी खिडकीतून त्याच्याकडं बघत बसला होता.

"एक शब्द बोलला असतास तर सगळे इथंच राहिले असते, सायलस."

"हो."

"सगळे."

"किट सोडून," तो म्हणाला. "त्याला हलवलं असतं. खोक्यात भरून कुठंतरी. मग इथं शाफ्ट पाडला असता, आणि मलाच उतरवलं असतं खाली. मी चांगला आहे ना कामाला." त्यानं गजावरचा हात काढला. "सांग आता. तू म्हणशील तसं. फिन खाली उभा आहे, हाक मारली की झालं. उद्या रात्रीपर्यंत माणसं परत येतील."

टॅम्सिन रडायची थांबून पुन्हा दगडांकडं रांगत निघाली होती. लव्हडेनं तिला धरलं आणि छातीशी घट्ट लावलं. आपण काय बोलणार हे तिला ठाऊक होतं. हे आपल्याला इतक्या लवकर ठाऊक असावं, याचीच तिला भीती वाटली.

बोलायची वेळ आलीच नाही. फिन स्वतःच चढून वर येत होता. "अहो, गाडी चुकली तर मला बोल लावू नका. रेल्वे काय माझी मावशी आहे थांबायला?" जवळ आल्यावर त्याचं लक्ष पाळण्याकडं गेलं. "हा न्यायचा नाही? लोखंड चांगलं आहे. पोरगी खोक्यात निजते म्हणे."

"तो किटचा आहे," लव्हडे म्हणाली.

फिननं टोपी काढली. "चुकलं माझं. मी हात लावायचो नाही. पण माझ्यामागून पत्रे उचलायला जे येतील त्यांचं मी नाही सांगू शकत, वहिनी. ती माणसं देवाचा क्रूससुद्धा वजनावर विकतात." अवघडल्यासारखं होऊन तो खाली वाकला आणि त्यानं एक दगड उचलला. त्याच्या मनात काही नव्हतं. तिकडच्या माणसाच्या हातात पांढरा दगड आला की मांजराची जीभ दुधाकडं जावी तशी त्याची जीभ बाहेर येते. अंगठ्यानं धूळ पुसत त्यानं दगड तोंडाजवळ नेला.

सायलस ताडकन उठला. लव्हडे बसल्याजागीच म्हणाली, "फिन. तो त्याच्या अंगावरचा आहे."

फिनचा हात खाली आला. मानेपर्यंत लाल झाला तो. त्यानं दगड होता तिथं परत ठेवला, अगदी हलक्या हातानं, झोपलेल्याला जाग येऊ नये तसा. "जनावर झालोय मी," तो पुटपुटला आणि खाली जाऊन घोड्यांपाशी उभा राहिला.

सगळे दगड उचलून न्यायला वेळ नव्हता, आणि फिनच्या देखत ते जमलंही नसतं. सायलसनं दोन-तीन खिशात घातले. लव्हडेनं टॅम्सिनच्या टोपीत तो पहिला दगड बांधला. मग ती पळतच नॅन्किव्हेल आजीच्या घरी गेली.

आजी जाणार नव्हती. "मला कोण रडतंय तिकडं? पाण्याची टाकी भरली आहे, उंटवाला महिन्याकाठी पीठ टाकून जातो. धुराडी मोजत बसेन," असं ती सगळ्यांना सांगत आली होती. लव्हडेनं तिच्यासमोर चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. आजी ऐकत होती. 'मी म्हटलं होतं' हे शब्द तिच्या ओठांवर कधीही येतील म्हणून लव्हडे मान खाली घालून थांबली होती. ते आले नाहीत.

"बेंडिगोला माझी लेक सुझन पुरली होती," आजी म्हणाली. "आता तिथं पाण्यानं भरलेला खड्डा आहे. बदकं पोहतात." तिनं राखेत काडी फिरवली. "रोज एप्रनमध्ये दोन-दोन दगड नेईन आणि जुन्या शाफ्टात टाकेन. जास्त झेपायचं नाही मला. कुठून सुरू करू, डोक्याकडून की पायाकडून?"



"पायाकडून," लव्हडे म्हणाली. "डोक्याकडचे शेवटी काढा."

निघताना आजीनं फडक्यात गुंडाळलेली, मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी तिच्या हातात कोंबली. "पोरीला दगड चघळू देऊ नकोस. कडक पाव दे." गाडी वळणावर गेली तेव्हा लव्हडेनं मागं पाहिलं. खिडकीच नव्हती आता, पत्रे गाडीवर होते. पण उंचवट्यावर झाड दिसत होतं, आणि झाडाखाली पांढरं.

बोल्डरला त्यांचं तेच घर पुन्हा उभं राहिलं. खिडकीतून शेजाऱ्याची कोंबड्यांची खुराडी दिसतात. सायलस खाणीतून येतो, जेवतो, खोकतो, त्या दिवसाबद्दल दोघं बोलत नाहीत. एकदाच लव्हडेनं विचारलं होतं, "मी हाक मार म्हटलं असतं तर मारली असतीस?" तो म्हणाला, "तू म्हणालीच नसतीस." दगड टॅम्सिनच्या खोक्याच्या तळाशी आहे, गादीखाली.

आजीला लिहिता येत नाही. फिन येता-जाता तिचा निरोप आणायचा: "म्हातारी ठणठणीत आहे, मला शिव्या दिल्या, म्हणाली पायाकडचं काम झालं, याचा अर्थ तुम्हाला कळेल." मग फिन पूर्वेला निघून गेला आणि निरोप थांबले. उंटवाल्यांचा रस्ताही बदलला म्हणतात.

कधी नव्हे तो पाऊस येतो. बोल्डरमध्ये सगळे अंगणात घमेली मांडतात, पोरं चिखलात लोळतात. लव्हडे दाराच्या चौकटीला धरून उभी राहते. पत्र्यावर पाणी वाजायला लागलं की तिला एवढंच दिसतं: धूळ धुऊन निघतेय, आणि उंचवट्यावरचे उरलेले दगड उघड्या आभाळाखाली एकेक करून चमकायला लागलेत. बघायला फक्त एक माणूस यायचा बाकी आहे.

भेटेल त्याला ती विनवते. टॅम्सिनला सोडून तिला जाता येत नाही, आणि तिला सोबत नेण्याइतकं धैर्य नाही. म्हणून तुम्हालाही ती विनवते: तुम्ही हॅरोज फाइंडच्या बाजूला गेलात तर एवढं करा. सगळी धुराडी मेलेली असतील, त्यात एकातून धूर निघतोय का बघा. दार वाजवा, जोरात वाजवा, आजीला कमी ऐकू येतं. शिव्या दिल्या तर उत्तम. थोडं पीठ असेल तर ठेवा तिच्याजवळ. आणि दार उघडलं नाही, तर मागच्या झाडाकडं जा. मातीच्या ढिगावर, डोक्याच्या बाजूला, काही पांढरं उरलंय का, तेवढं मला येऊन सांगा.

पण आधी म्हातारीला बघा.