तेलेसियाचे आकडे

बापाला त्याच्याच घरात, त्याच्याच खुर्चीवरून उठवायचं आणि म्हणायचं, "जरा बाहेर जा, मला तुमच्या पोरीशी एकटीशी बोलायचंय!" ब्रॉनवेनबाईंनी हे मला कॉम्प्युटरच्या पडद्यावरून शांतपणे सांगितलं तेव्हा मला हसूच फुटलं.

"सिएनी, हसू नका," त्या म्हणाल्या. "मूल एकटं असेल तरच खरं बोलतं. हा आपल्या अभ्यासाचा पहिला नियम आहे."

"हो हो, लिहून घेतलं," मी म्हणाले. लिहून वगैरे काही घेतलं नव्हतं. गोऱ्या बाईला आम्हा समोआ बेटांवरून आलेल्या माणसांच्या घराचं काय डोंबल कळणार, असं मनात आलं आणि मी मान डोलावली.

ऑगस्ट दोन हजार एकवीस. कोरोनामुळे ऑकलंड पुन्हा कडेकोट बंद. शहराच्या माँगेरे भागातल्या आमच्या शाळेत मी अकरा वर्षं वर्गमदतनीस आहे, आणि रविवारी चर्चमध्ये पोरांना शिकवते. शाळा बंद, चर्च बंद, मी घरात बसून भिंतींवर खेकसत होते. तेवढ्यात पडद्यावर विद्यापीठाची ही ब्रॉनवेनबाई आली. शाळा बंद असताना शिक्षण कुणाच्या घरी पोचतं आणि कुणाच्या नाही, पोरांच्या मनाचं काय होतं, याचा तिला अभ्यास करायचा होता. समोआ घरांना फोन करायला आमची भाषा बोलणारी बाई हवी होती. अठ्ठावन्न घरं माझ्या वाट्याला आली.

प्रश्न दहा. झोप कशी लागते, अभ्यासाला शांत जागा आहे का, पुढच्या दिवसांबद्दल आशा वाटते का, असे. प्रत्येकाला एक ते पाच गुण. एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे उत्तम. तीन उत्तरं दोन किंवा त्याहून कमी आली, की कागदावरच्या लाल चौकटीत खूण करायची. मग त्याच आठवड्यात शाळेच्या समुपदेशक बाई त्या पोराला फोन करणार, आणि शाळेकडे आलेल्या कॉम्प्युटरांपैकी एक त्याच्या दारात पोचणार. म्हटलं तर सोपं काम.

पौवीच्या घरी फोन लावला तो मंगळवारी सकाळी. पौवी म्हणजे आमच्या चर्चचा कारभारी, आणि मताई, घराण्याचा प्रमुख. विमानतळावर सामान चढवायचा. विमानंच बंद, तेव्हा तोही घरी. बायको माकेरिता इस्पितळात साफसफाईला. तीन खोल्यांत अकरा माणसं. थोरली तेलेसिया, सतरा वर्षांची. तिला नर्स व्हायचं होतं, आणि त्यासाठी नोव्हेंबरची परीक्षा चांगल्या गुणांनी पास व्हायला हवी होती. पोरगी हुशार, शाळेतल्या बाई तर डोळे झाकून सांगायच्या, ही जाणार म्हणून.

पौवीने फोन उचलला आणि मोठ्या आवाजावर टाकला. मागे पोरांचा कल्ला, म्हातारीचा खोकला, सगळं घर ऐकत होतं. आधी त्याने रीतीप्रमाणे लांबलचक स्वागत केलं, माझ्या घराण्याला मान दिला, देवाचे आभार मानले. मीही तितकंच लांबलचक उत्तर दिलं. दहा मिनिटं त्यातच गेली.

"तेलेसियाला काही प्रश्न विचारायचेत, पौवीदादा," मी म्हणाले.

"विचारा की, सिएनीताई. बसलीय माझ्यासमोर."

"झोप नीट लागते का? एक ते पाच."

"पाच लिहा," पौवी म्हणाला. "ढाराढूर झोपते. उठवावं लागतं." घर हसलं.

"अभ्यासाला जागा?"

"अख्खं घर आहे. पाच."

"घरात कोणाशी मनातलं बोलता येतं?"

"अकरा जणं आहोत, सिएनीताई! आणखी किती पाहिजेत? पाच!"

मीही हसले. दहाही प्रश्नांना पाच. तेलेसियाचा आवाज शेवटी एकदाच आला, "थँक्यू, मावशी," एवढाच. आमच्यात असंच असतं. घराचा प्रमुख घरातर्फे बोलतो, पोरांनी मध्ये तोंड घालायचं नसतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, खरं सांगते.

अर्ध्या तासाने अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मावशी, मी तेलेसिया." आवाज अगदी खालचा. "शेजारच्या मैत्रिणीचा फोन आहे, कुंपणावरून मागून घेतला. मी आमच्या व्हॅनमध्ये बसलेय, अंगणात."

"व्हॅनमध्ये काय करतेस ग?"

"इथेच अभ्यास करते. आत जागा कुठेय? मावशी, ते आकडे माझे नव्हते. माझे लिहून घेशील?"

मी कागद ओढला. तिने एकेक आकडा सांगितला, शाळेत हजेरी द्यावी तसा. झोप, एक. जागा, एक. आशा, एक. कोणाशी बोलता येतं, एक. जेवण, चार. "जेवणाचं खरंच चार आहे, मावशी, आई उपाशी ठेवत नाही." दहांपैकी सात उत्तरं दोनच्या खाली.

"काय झालंय, बाळ?"

"पापा म्हणतात कोंबड्यांच्या कारखान्यात माणसं घेतायत. मी जावं. घरातला एकच फोन, त्यावर चौघांचे वर्ग, मी थोरली म्हणून माझा नंबर शेवटी. रसायनशास्त्राचे सहा आठवडे माझ्याकडे आलेच नाहीत." मग थांबली. "मावशी, मला हल्ली सकाळी उठावंसंच वाटत नाही. कधी कधी वाटतं, मी नसते तर घरात एक गादी तरी मोकळी झाली असती. हे कोणाला सांगू नकोस. म्हणजे सांग, त्या बाईंना सांग. पापांना नको."

"बघते मी," मी म्हणाले. "काळजी करू नकोस. मी बघते सगळं."

आता ऐका, मी काय बघितलं ते.

माझ्यासमोर दोन कागद होते. एकावर बापाचे पाच, एकावर पोरीचे एक. लाल चौकट रिकामी. मी पेन हातात घेऊन बसले आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल? माझ्या भावाची पोरं. पंधरा वर्षांपूर्वी शाळेतल्या कोणी तरी कुठल्या तरी कागदावर अशीच खूण केली होती, आणि पोरांची नीट काळजी घेतली जात नाही म्हणून सरकारी गाडी येऊन तिघांना घेऊन गेली. परत मिळेपर्यंत भावजय अर्धी झाली. आणि दुसरं आलं ते हे, की विद्यापीठाच्या कागदावर पौवीचं घर जाणार. मताईच्या घरातली पोर मरणाचं बोलते! गोरी माणसं वाचणार आणि म्हणणार, बघा, ही माणसं अशीच. आमच्या घरातलं आमच्या घरात मिटतं. इतकी वर्षं मिटत आलंय. मी आहे, चर्च आहे, आई आहे तिची.

मी बापाचे आकडे पाठवले. पोरीचा कागद घडी करून बायबलमध्ये ठेवला. देवाजवळ ठेवला, असं स्वतःला सांगितलं. किती शहाणी मी!

शब्द दिला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी मटणाचं सूप आणि तारो, म्हणजे आमचा अळूचा कंद, घेऊन पौवीच्या दारात ठेवलं, आणि रस्त्यावर उभी राहून माकेरिताला हाक मारली. ती नुकतीच रात्रपाळी संपवून आली होती, डोळे लाल.

"तेलेसियाकडे जरा लक्ष दे ग," मी म्हणाले. "पोर थकलीय."

"सगळेच थकलोय, सिएनी," ती म्हणाली. "बोलते मी तिच्याशी." आणि भांडं उचलून आत गेली. मला वाटलं, झालं माझं काम. त्या रात्री मी छान झोपले.

सहा आठवड्यांनी दुसरी फेरी. या वेळी मी सरळ तेलेसियाचाच नंबर मागून घेतला. आता तिच्याकडे स्वतःचा फोन होता. मागे यंत्रांचा खडखडाट, कोणी तरी ओरडत होतं.

"कुठे आहेस ग?"

"कामावर. कोंबड्या भरते. दहा मिनिटांची सुट्टी आहे, पटकन विचार."

"शाळा?"

"झाली की. मावशी, लिही पाच. सगळ्याला पाच."

"तेलेसिया, खरे आकडे सांग ना."

"पाचच खरे आहेत. लिही." आणि फोन बंद.

मी तो कागद पाठवला नाही. पण पहिला गेला होता ना, तो आपलं काम करत होता. ऑक्टोबरच्या शेवटी वरच्या वर्गांसाठी शाळा उघडली, आणि ब्रॉनवेनबाईंनी पडद्यावर सगळ्या शिक्षकांना अभ्यासाचा पहिला निष्कर्ष दाखवला. रंगीत खांब होते. सगळ्यांत उंच खांब आमचा.

"समोआ घरांतली मुलं कमालीची खंबीर निघाली," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा खरंच फुलला होता. "एवढ्या दाटीच्या घरांत राहून! एकोप्याची ताकद. सिएनींचे खास आभार."

मुख्याध्यापक म्हणाले, या आकड्यांवरूनच तर आम्ही कॉम्प्युटर वाटले. गरज जास्त तिकडे आधी दिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेलेसियाच्या वर्गातली बाई मात्र म्हणाली, "माझ्या वर्गात नऊ खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि त्यातल्या सहा याच खंबीर घरांतल्या आहेत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बैठक संपल्यावर मी ब्रॉनवेनबाईंना फोन केला आणि सांगून टाकलं. सगळं. व्हॅन, गादी, बायबल, सगळं.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"बाकीच्या घरांत मुलं एकटी होती का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकाही घरात नाही?"

"एकाही नाही. आमच्यात तसं नसतं."

"मग मला तुमची अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न घरं काढून टाकावी लागतील, सिएनी. अहवालात समोआ मुलांविषयी काहीच येणार नाही." मग त्यांनी विचारलं, "आणि त्या मुलीने मरणाचं बोलल्यावर तुम्ही सूप नेऊन दिलंत?"

मी त्या मुलीचं वाटोळं केलं होतं, आणि वर तिच्या दारात भांडं ठेवून आले होते.

पण परीक्षेला अजून दोन आठवडे होते. मी मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसले आणि एक कॉम्प्युटर मिळवला. समुपदेशक बाईंनी आपला नंबर लिहून दिला, म्हणाल्या, आजच फोन करू दे, मी वाट बघते. रसायनशास्त्राच्या बाई रोज तासभर शिकवायला तयार झाल्या. हे सगळं घेऊन दुपारी दोनला, तिच्या कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी, मी कारखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

तेलेसिया आली. डोक्याला जाळी, पायांत पांढरे रबरी बूट, मास्क. डोळे तेवढे दिसत होते. मी एका दमात सगळं सांगितलं, कॉम्प्युटर, बाई, परीक्षा. ती ऐकत राहिली.

"मावशी, एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी माझा आवाज तुला नीट ऐकू आला होता ना? व्हॅनमध्ये रेंज कमी असते."

"आला होता, बाळ."

"कारण मी वाट बघत होते. तीन आठवडे रोज मैत्रिणीला विचारायचे, फोन आला का शाळेतून. मग वाटलं, कोणी तरी माझे आकडे बघितले असतील आणि म्हणाले असतील, एवढं काही वाईट नाही हिचं. बाकीच्यांचं जास्त असेल. म्हणून मग मी कामाला लागले."

"तुझे आकडे कोणी बघितलेच नाहीत, तेलेसिया. मी पाठवलेच नाहीत. तुझ्या पापांचे पाठवले."

तिने मास्क खाली ओढला. चेहरा इतका उतरला होता की मी ओळखलं नसतं.

"सूप घेऊन आलीस तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

ती रडेल असं मला वाटलं. शिव्या देईल असंही वाटलं. तिने कॉम्प्युटरच्या पिशवीकडे पाहिलं, हात पुढे केला आणि परत मागे घेतला.

"हे घरी नेलं तर पापा विचारतील कुठून आलं, का आलं."

"मी सांगते त्यांना," मी म्हणाले. "आज येते, समोर बसून सगळं सांगते. शपथ."

"नको, मावशी," ती म्हणाली. अगदी सभ्यपणे, मोठ्यांशी बोलावं तसं. "तू त्यांना आवडेल तेच सांगशील."

आत भोंगा झाला. तिने मास्क वर केला, समुपदेशक बाईंच्या नंबराची चिठ्ठी तेवढी माझ्या हातातून घेतली आणि आत गेली. तिने फोन केला की नाही, हे त्या बाई मला सांगत नाहीत. तो नियम आहे म्हणतात.

त्या संध्याकाळी मी पौवीसमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. ऐकून तो उठला आणि अंगणात जाऊन व्हॅनमध्ये बसून राहिला. तेलेसिया परीक्षेला आली नाही.