सुगीतला संथ गहू

तिने बनवलेल्या गणिती मॉडेलचं आणि गव्हाच्या व्यापाऱ्यांचं काही केल्या पटत नव्हतं. मॉडेल म्हणत होतं, रेल्वेचं भाडं उतरलं की गहू मालगाडीने जाणार. गेल्या सुगीत भाडं उतरलं आणि गहू खुशाल बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू नावेवर, चढून नदीने गेला.

"सवय, दुसरं काय!" वाहतूकप्रमुख म्हणाले. "नदीवरचा धक्का बंद करावा, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा."

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. धक्क्यावर बार्ज ओढणारी बोट तिचा थोरला भाऊ चालवतो, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. दुपारी कंपनीच्या मालकीणबाईंसमोर बैठक होती.

"दमडीसाठी तासभर घासाघीस करणारी माणसं सवयीखातर नुकसान सोसतील?" आकडेबाई म्हणाली. "चूक माझ्या गणितात आहे. सापडेल."

तिने महिने सुटे केले. एरवी मॉडेल बिनचूक होतं. फसत होतं फक्त सुगीत. मग तिने शेजारी गोदामांतला साठा मांडला आणि खुदकन हसली. बार्ज संथ, म्हणून वाटेतल्या प्रत्येक दिवसाला तिने मॉडेलमध्ये खर्चाचा दंड लावला होता. शिकवतातच तसं. पण सुगीत गोदामं खच्चून भरलेली, उरलेला गहू अंगणात ताडपत्रीखाली. अशा वेळी संथ बार्ज म्हणजे बिनभाड्याचं तरंगतं गोदाम. व्यापाऱ्यांना उशीर हवाच होता!

गोदामं भरली की दंड उतरेल, अशी तिने सोय केली. मॉडेल सुतासारखं सरळ आलं.

बैठकीत वाहतूकप्रमुखांनी भुवया उंचावल्या. "भावासाठी आकडे वाकवले नाहीत ना?"

"पुढचं पान उलटा, साहेब," ती शांतपणे म्हणाली. "सुगी सरली, गोदामं रिकामी झाली की बार्ज परवडत नाही. तेवढा काळ धक्का बंद ठेवावा, अशी माझी शिफारस आहे."

वाहतूकप्रमुखांनी पान उलटलं, वाचलं आणि अहवाल मालकीणबाईंकडे सरकवला.

"अगं, मग भावाचं काय?" मालकीणबाईंनी विचारलं.

"आकड्यांना भाऊबंद नसतात, बाई."

"बरं. सुगीपुरता धक्का चालू," मालकीणबाई म्हणाल्या.

बाहेर येताच तिने फोन लावला. "दादा, सुगीत तुझी बोट चालू. बाकीचं वर्ष धक्का बंद."

पलीकडे बोटीचं इंजिन धडधडत होतं. "म्हणजे माझी अर्धी नोकरी खाल्लीस?"

"सकाळपर्यंत अख्खी जात होती. रेल्वेच्या मालधक्क्यावर क्रेन चालवायला माणूस हवाय, मी चौकशी केलीय. सुगी संपली की तिकडे जा."

"सख्खी बहीण की सावकारीण गं तू?" तो हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते सगळं ठीक. पण तुझ्या वहिनीला कोण सांगणार?"

"घाबरतोस काय? दे फोन तिच्याकडे."