पुट्टीखालचं लोखंड

आंपोन्साच्या जुन्या प्रवासी व्हॅनचे मागचे दिवे भूत लागल्यासारखे वागत होते. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिचकायचा, आणि इंडिकेटर दिला की ब्रेकचा दिवा मान टाकायचा. उद्या तपासणी होती. गाडी नापास झाली तर कुमासी शहराच्या स्टँडवरचा रांगेतला नंबर जाणार, आणि या वयात दुसरं कुणी त्याच्या हाती स्टिअरिंग देणार नव्हतं.

सुआमेच्या गॅरेजवस्तीतला वायरमन इद्रिसू सकाळपासून मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. बल्ब बदलले, होल्डर घासले, फ्यूज पाहिले.

"मामा, बल्ब बिचारे निर्दोष आहेत. करंट येतो, पण त्याला परतायची वाट नाही. अर्थिंग गेलंय."

"मग स्क्रू आवळ की! तोंड काय चालवतोस?"

"आवळू कशात? नुसती पुट्टी आहे इथे."

आंपोन्साने गाडीच्या पाठीकडे पाहिलं. मागच्या पत्र्यावर ठळक पिवळी अक्षरं होती: ‘बेताने जा, मी आहे घरी.’ इथे प्रत्येक गाडीच्या पाठीवर काहीतरी असतंच, कुणी देवाचं नाव घालतो, कुणी भाऊबंदांना टोमणा. हे मात्र त्याच्या बायकोचं, सेरवाचं रोजचं वाक्य होतं. ती वारली. पुढे पत्रा गंजला की वेल्डर म्हणायचा, कापून नवा टाकू. हा म्हणायचा, अक्षरांना हात लावशील तर बघ! मग भोकांत पुट्टी भरायची आणि पेंटरने वरून तीच अक्षरं गिरवायची. बडा घर, पोकळ वासा.

इद्रिसूने थेट बॅटरीपासून वायर ओढली. दिवे लख्ख लागले.

"बघ! उगाच घाबरवत होतास मला!" आंपोन्साने मांडीवर थाप मारली.

"थांबा, वायर चासीला बांधतो." इद्रिसू गाडीखाली सरपटला. बाहेर आला तेव्हा स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गंजाने तपकिरी झाला होता.

"मामा, दिवे पास होतील. पण चासीच, अख्खा सांगाडाच गंजाने खाल्लाय. मागच्या सीटखाली काही उरलेलं नाही."

"एखादी पट्टी ठोकू."

"कशावर ठोकणार? गंजाला वेल्डिंग धरत नाही. हिच्यात माणसं बसवू नका."

आंपोन्सा त्याला शिव्या देणार होता, पेंटरलाही देणार होता. पण पत्रा कापायला नको नको म्हणणारा तो स्वतःच होता. त्याने खाली वाकून चासीला बोट लावलं, तर बोट आत गेलं. त्याला रडू फुटलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

इद्रिसूने हळूच विचारलं, "वायर काढून घेऊ का, मामा?"

"राहू दे. भंगारवाले अंधार पडल्यावर गाडी ओढून नेतील. मागून येणाऱ्याला दिसायला हवी."