घरी काय सांगायचं

हवालदारांनी बादली उलटी करून कोठडीच्या गजांसमोर ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकत तिच्यावर बसले. आत, कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून एक कैदी उकिडवा बसला होता. बाहेर असताना वेल्डिंगचं काम करायचा, म्हणून सगळे त्याला वेल्डरच म्हणत. जेवणाच्या थाळीचा काठ फरशीवर घासून घासून त्यानं त्याला धार आणली होती आणि तीच थाळी आता डाव्या मनगटावर धरली होती. दार उघडू नये म्हणून घोंगडीला पीळ घालून ते आतून गजांना बांधलं होतं.

"कुणी आत आलं तर बघा," तो म्हणाला.

हवालदारांच्या मागे नवे जेलर उभे होते. सकाळीच त्यांनी कामाची सूत्रं हाती घेतली होती. नव्या टोपीची कडा कपाळात रुतून लाल वळ उठला होता. त्यांच्यामागे लाठ्या घेतलेले शिपाई.

"दार तोडायचं का, हवालदार?"

"थोडं थांबा, साहेब. तुम्ही सगळे जरा त्या टोकाला जाता का?"

'साहेब' म्हणताना हवालदारांची जीभ किंचित अडखळली. हा पोरगा नोकरीला लागला तेव्हा कुलूप लावल्यावर एकदा ओढून बघायचं, कैद्याकडे पाठ करायची नाही, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. परीक्षा देत देत तो वर गेला. हवालदारांना मात्र दर वेळी 'पुढच्या खेपेला बघू' असं ऐकायला मिळालं. आज सकाळी बढतीचा निकाल लागला. याही वेळी नाही. निवृत्ती इतकी जवळ आली होती, की आता पुढची खेपही उरली नव्हती.

वेल्डरचं अपील फेटाळल्याची बातमीही सकाळीच आली होती. त्याची थोरली बहीण भेटीच्या खोलीत येऊन बसली होती आणि तिला अजून काहीच माहीत नव्हतं. भेटीसाठी त्याला न्यायला शिपाई आला, तेव्हा त्यानं घोंगडी बांधून घेतली.

"ताईला घरी पाठवा," वेल्डर म्हणाला. "सांगा, ताप आलाय."

"आणि पुढच्या भेटीला?"

"तेव्हाचं तेव्हा."

अशा वेळी काय बोलायचं ते हवालदारांना पाठ होतं. धीर धर, घरच्यांचा विचार कर, असलं करून कुणाचं भलं झालंय. त्यांनी तोंड उघडलं, पण यातलं एकही वाक्य बाहेर पडेना.

"मलाही आज घरी जायचं नाहीये," ते म्हणाले.

वेल्डरनं मान वर केली.

"हसू नकोस. बायकोनं सकाळी गणवेशाला कडक इस्त्री करून दिली. म्हणाली, आज निकाल आहे ना, नीट दिसा. आता तिला काय सांगू? गेल्या वेळी तर कितीतरी दिवस सांगितलंच नव्हतं. साहेब रजेवर आहेत, कागद वर अडकलाय, रोज नवी थाप. तुम्ही कधीतरी सुटता तरी. मी रोज येतो, आपल्या पायांनी येतो, आणि तेही आता धड चालत नाहीत. मुलगा मित्रांना सांगतो, बाबा सरकारी नोकरीत आहेत. कुठली नोकरी, ते गिळून टाकतो. आणि ज्याला किल्ली धरायला शिकवली, त्याला आज सॅल्यूट ठोकला. कडक ठोकला हं. त्यात कसूर केली नाही."

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. लांब टोकाला कुणीतरी खाकरलं.

"पोरगा चांगला आहे, हाच तर वांधा आहे," हवालदार हळू आवाजात म्हणाले. "वाईट असता तर शिव्या तरी घातल्या असत्या."

वेल्डरला हसू आलं, पण ते टिकलं नाही. थाळी मनगटावरून गुडघ्यावर आली होती.

"वहिनी चिडतील?"

"चिडली तर बरं. ती 'असू दे' म्हणते."

"ताईचंही तसंच." तो थाळीच्या काठाकडे बघत राहिला. "माझ्यासाठी खोली रिकामी करून ठेवलीय तिनं. रंगसुद्धा दिलाय."

हवालदारांनी मांडीवरची टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

"भेटीची वेळ संपत आली असेल," बऱ्याच वेळानं वेल्डर म्हणाला.

"आलीय."

"तुम्ही याल बरोबर?"

"ड्यूटीच आहे माझी ती."

वेल्डरनं थाळी ढकलली. ती खडखडत गजांखालून बाहेर आली. मग तो दातांनी घोंगडीची गाठ सोडवू लागला.

भेटीच्या खोलीत हवालदार नियमाप्रमाणे त्याच्या मागे उभे राहिले. बहीण जाळीपलीकडे उभी होती. वेल्डर बसलासुद्धा नाही.

"ताई, अपील गेलं."

तिनं जाळीत बोटं अडकवली.

"कधी कळलं?"

"सकाळी."

"मग इतका वेळ एकटाच बसला होतास?"

"नाही," वेल्डर म्हणाला. "एकटा नव्हतो."

हवालदार समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

संध्याकाळी ड्यूटी संपवून निघताना जेलरनी त्यांना फाटकाशी गाठलं. टोपी काखेत होती.

"हवालदार, मला तिकडे ऐकू येत होतं."

"माहीत आहे, साहेब."

जेलरनी काखेतली टोपी हातात घेतली.

"त्या वेल्डरला शिक्षा कोठडीत टाकू नका," हवालदार म्हणाले. "एवढं बघा."

"बघतो."

घराचं दार बायकोनं उघडलं. हवालदार उंबऱ्याबाहेरच थांबले, एका पायातला बूट काढला आणि दुसरा काढायच्या आधीच बोलून गेले,

"झालं नाही. याही वेळी."

"कळलंय मला. तुमच्या ड्यूटीवरच्या जोडीदाराच्या बायकोचा दुपारीच फोन आला होता." ती जरा थांबली. "गेल्या वेळीही तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

हवालदार बघतच राहिले. "मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल, म्हणून वाट बघत होते."

तिनं त्यांच्या हातातली टोपी घेतली.

"आज बरं दारातच सांगितलंत?"

"आमच्याकडे एक वेल्डर आहे," हवालदार म्हणाले आणि एका पायात बूट तसाच ठेवून उंबऱ्यावर बसले.

ती दार उघडंच ठेवून त्यांच्या शेजारी बसली.