दिव्यजलाचा उत्पादक

"पेटलं! पाणी पेटलं!"

सभागृहातली चारशे माणसं उभी राहिली. व्यासपीठावर बाबांनी दिव्यजलात बुडवलेला रुमाल चिमट्यात धरला होता. त्यावर निळी ज्योत नाचली, विझली, आणि रुमाल होता तसा पांढराशुभ्र! मग प्रत्येकाला झाकणभर दिव्यजल. "घसा जळला की समजा, पाप जळलं," बाबा म्हणाले. चारशे पापी समाधानाने खोकले.

त्यांत माझी वहिनी होती. गेल्या वर्षी दादाला झोप लागावी म्हणून तिनेच त्याला या रांगेत आणलं होतं. त्याआधी तीन वर्षं त्याने दारूला हात लावला नव्हता. "वकीलसाहेब, याची चव ओळखीची वाटते हो," तो मला म्हणाला होता. मी हसले. मी, जी दारूच्या परवान्यांचीच वकिली करते! तो पुन्हा बाटलीला लागला. यकृत आधीच खराब होतं. सातव्या महिन्यात गेला. तेव्हापासून मला बाबांना नुसतं उघडं पाडायचं नव्हतं, आयुष्यातून उठवायचं होतं.

मी हात जोडून पुढे गेले. "बाबा, लोक म्हणतात, दिव्यजल शिष्यच कुठून तरी आणतात."

"कोण म्हणतं? माझ्या हातचं आहे हे! दुसऱ्याचा स्पर्शसुद्धा नाही!"

"मग तेवढं लिहून द्या. निंदकांची तोंडं बंद होतील."

टाळ्या कडाडल्या. मी घरून टाइप करून आणलेल्या कागदावर बाबांनी झोकात सही ठोकली. आमच्या कामात पकडला गेलेला प्रत्येक जण म्हणतो, माल माझा नाही, नोकराने ठेवला. ती पळवाट बाबांनी स्वतःच बुजवली होती.

मागून, मी बोलावलेल्या, उत्पादन शुल्क खात्याच्या निरीक्षकबाई उठल्या. काचेच्या नळीत दिव्यजल ओतून त्यांनी आत तरंगता मापक सोडला. साध्या पाण्यात वर राहणारा तो मापक पार खाली गेला.

"निम्मा मद्यार्क," त्या म्हणाल्या. "दारूचा वास झाकायला लवंग. परवाना दाखवा."

"शिष्यांनी मिसळलं असेल..."

मी कागद मोठ्याने वाचला. "अभिनंदन, बाबा! परवान्याच्या अर्जात दारू बनवणाऱ्याला 'उत्पादक' म्हणतात."

"पण रुमाल जळला नाही तो?" कुणीतरी ओरडलं.

मी वहिनीच्या हातात चिमटा दिला, माझाच रुमाल त्या जलात भिजवला आणि काडी लावली. निळी ज्योत उठली, विझली. रुमाल शाबूत. "मद्यार्क जळतो. उरलेलं पाणी कापडाला जळू देत नाही. कुणालाही जमेल."

वहिनी रुमालाकडे बघत राहिली. "म्हणजे ह्यांना मीच पाजली?"

"या बाबाने पाजली, वहिनी. आपण फक्त विचारलं नाही." मग मी सगळ्यांकडे वळले. "तुम्ही तरी विचारा. घशाखाली उतरवण्याआधी विचारा, यात काय आहे? ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या हातचं काही घेऊ नका."

खात्याच्या गाडीत बसवताना बाबांनी पाणी मागितलं. वहिनीनेच पेला पुढे केला.

"नळाचं आहे," ती म्हणाली. "पेटत नाही."