माझ्या पोटातलं अंजनाबाईंचं गाणं

अंजनाबाईंचं गाणं कायमचं गेलं. मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही झालेलं नाही. आपण नीट सुरुवात करू.

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यातला, पण संस्कार रायपूरचे. तिथल्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या प्रफुल्लने मला घरी आणलं. त्याच्या आईने, इंदूबाईंनी, मला रुमालात गुंडाळून कपाटात साड्यांखाली ठेवलं. किमती वस्तू तिथेच राहतात. माझ्यात सहली होत्या, वाढदिवस होते, एकाच बकरीचे शंभरेक फोटो होते आणि प्रफुल्लच्या आजीने, अंजनाबाईंनी, बुद्धविहारात गायलेलं भीमगीत होतं. आजी वारल्यावर इंदूबाई दर रविवारी मला बाहेर काढून ते ऐकायच्या. तेव्हा घरात माझा फार मान होता.

यंदा मे महिन्यात प्रफुल्ल म्हणाला, "मम्मी, सगळं इकडेतिकडे पडून राहिलं. पेन ड्राईव्हमध्ये थोडं, मोबाईलमध्ये थोडं, या म्हातारीत थोडं. आता एकच मोठा डबा आणला. वाय-फायवरून सगळ्यांना दिसेल. आत दोन डिस्क आहेत, एक गेली तं दुसरी आहे."

"सासूबाईंचं गाणं राहते ना त्यात?"

"हव! काहून टेन्शन घेऊन राहिली?"

त्याने माझ्यातलं सगळं कापून डब्यात चिकटवलं. नुसती नक्कल केली असती तरी चाललं असतं. पण जागा मोकळी झाली की त्याला फार बरं वाटतं.

डबा तापू लागला. इंदूबाईंनी हात लावून पाहिला. "अरे पोट्ट्या, बिचारा भाजून राहिला! कूलरसमोर ठेव त्याले."

आमच्याकडे तापलेल्या प्रत्येकावर हाच उपाय आहे, मग तो पाहुणा असो की टरबूज. प्रफुल्लने डबा कूलरसमोर ठेवला. मी कपाटातून पाहत होते. मला तोंड नाही. कूलरने दुपारभर वाळ्याचं सुगंधी पाणी उडवलं. दोन्ही डिस्क सारख्याच भिजल्या. पक्षपात झाला नाही.

"दुरुस्तीवाला काय म्हणते?"

"काहीच निघत नाही म्हणते, मम्मी."

इंदूबाईंनी कूलर बंद केला आणि तशाच घामात बसून राहिल्या.

मित्रांनो, आता नीट ऐका. कापलेली फाईल लगेच पुसली जात नाही. नुसती तिच्या नावाची पाटी निघते. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत गाणं माझ्या पोटातच आहे. दुरुस्तीवाल्याला मला दाखवलं असतं, तर त्याने ते काढलंही असतं. पण रिकामी डिस्क कोण कुणाला दाखवतं?

आत्ताच प्रफुल्लने मला जोडलं आहे. शेजारच्या नीलेशच्या लग्नाचा व्हिडिओ ठेवायला जागा हवी आहे. "ही तं खालीच आहे, भैया, पूर्ण रिकामी," तो नीलेशला म्हणाला. वरात निघाली आहे. घोडा माझ्यात शिरतो आहे.

सबब नम्र विनंती की, सदर घोड्यास अंजनाबाईंच्या पहिल्या ओळीपाशी थांबवण्यात यावे, वरात आल्या वाटेने परत पाठवण्यात यावी, व पुढील आदेश होईपर्यंत माझ्या पोटातील रिकामी जागा रिकामी समजण्यात येऊ नये.